बॅगेच्या खुणेचा कॅमेरा

तांदळाच्या डब्यात गजर वाजला.

घरात कुणीच बोलत नव्हतं. सासूबाई उंबऱ्याशी बसून पावटे सोलत होत्या, आमू पोटावर पडून चित्र काढत होती आणि मी चुलीतली राख ओढत होते. एवढ्यात कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून घुर्र घुर्र सुरू झालं. तिघीही दचकलो. सासूबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि पावटे घरभर झाले.

"वाजला गो तुझा नवरा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या शिफ्टचा गजर होता तो. अश्वजितला आता कुठल्याच शिफ्टला जायचं नव्हतं, पण फोनला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी हात पदराला पुसून झाकण काढलं. तांदळावर पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेला फोन होता. दुपटं नवंच. दुकानातून आणल्यापासून या कामाशिवाय त्याची घडी मोडली नव्हती.

गजर बंद केला. वरच्या कोपऱ्यात विमानाची खूण आहे ना, ते बघितलं. चार्जिंग बघितलं. निम्म्याच्या खाली आलं होतं, म्हणून पॉवर बँकेची वायर लावली आणि तो परत दुपट्यात ठेवला. हे सगळं मी श्वास धरून करायचे. बोट चुकून भलतीकडे लागलं, तर?

"आई, बाळाला जेवण दिलंस?" आमूने चित्रावरून मान न उचलता विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोनला म्हणतात आमू. बाळाला नाही."

"तेच."

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं.

अश्वजित महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता. कंपनीने त्याला फोन दिला होता. एकाच फोनात दोन घरं असावीत तसा तो. एक बाजू आपली, तिथे गाणी, व्हॉट्सॲप, आमूची गोष्टींची कार्टून. दुसरी बाजू कंपनीची. त्या बाजूच्या प्रत्येक चित्रावर छोटीशी बॅगेची खूण. मेलवर बॅग, कॅलेंडरवर बॅग, कॅमेऱ्यावरही बॅग. त्या कॅमेऱ्याने तो टाक्यांची गेज, व्हॉल्व्ह, कुठे गळती असेल तर ती, असले फोटो काढायचा. ते तिथेच राहायचे. तिकडचं इकडे आणता येत नाही. शेअर दाबलं की इंग्रजीत पाटी यायची, की तुमच्या संस्थेची परवानगी नाही.

आपल्या बाजूला वेगळीच गंमत होती. घरात पहिला स्मार्टफोन माझ्या थोरल्या दिरांनी, बुद्धरत्नभाऊजींनी, मुंबईहून आणून दिला होता. त्यांनीच त्यात स्वतःचं जीमेल टाकलं. पुढे जो फोन येईल त्यात आम्ही तेच टाकत गेलो. पासवर्ड तेवढाच पाठ होता ना. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनात. भाऊजींच्या ऑफिसातल्या पार्ट्या आमच्याकडे, आणि माझ्या जळलेल्या भाकऱ्या भांडुपला. एकदा अश्वजितने पायाच्या फोडाचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला, तर जाऊबाईंनी रात्री जेवताना बघितला. "निशा, अगं निदान सांगून तरी टाकायचा," म्हणून अजून चिडवतात.

आता सासूबाईंचं. ठकूबाई म्हटलं की पोलादपूरच्या आमच्या सगळ्या वाड्यांत माणसं ओळखतात. विहारात वंदना सांगायला त्याच पुढे. देव त्यांच्या सासऱ्यांनीच सोडले, उपास त्यांनी कधी धरला नाही, गंडा-दोरा बघितला की ओढून तोडतील. पण एक गोष्ट सोडली नव्हती. बाळाचं नाव ठेवेपर्यंत त्याचा फोटो काढायचा नाही. आमूच्या वेळीही नाही.

"आई, तू विहारात पहिल्या रांगेत बसतेस, आणि हे काय?" अश्वजित म्हणायचा.

"पहिल्या रांगेत बसते म्हणून पोर उघड्यावर टाकू? नाव नाय त्याला अजून. नाव झालं की काढा, पेपरात छापा."

आमच्या दुसऱ्या वेळी दिवस पुरे व्हायच्या आधीच मला महाडच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पोटावर शिवण पडली. मुलगा झाला, पण तो माझ्याकडे आलाच नाही. त्याला दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. मी एका खाटेवर आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. अश्वजित दोन्हीकडे पळत होता. आमू इथे आजीकडे, वाडीत. भातकापणी चालू होती.

मी म्हटलं, "मला तो बघायचाय."

माझं म्हणणं एवढंच होतं. आपल्या बाजूच्या कॅमेऱ्याने काढला असता तर घटकाभरात तो भांडुपला दिसला असता, आणि तिथून फोनवरून सासूबाईंना कळलं असतं. त्या आधीच घाबरलेल्या होत्या. म्हणून अश्वजितने बॅगेच्या खुणेचा कॅमेरा वापरला. तिथे कुणी बघणार नाही. तिथे कुलूप आहे.

संध्याकाळी तो माझ्या खाटेशी बसायचा आणि बोटाने सरकवत दाखवायचा. गेज, गेज, पाईपचा जोड, आणि मग बाळ. निळी टोपी. नाकाला चिकटवलेली नळी. पायाला पट्टी, तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, निशाचं बाळ. एक छोटा व्हिडिओ होता. त्यात तो बराच वेळ नुसता श्वास घेतो, आणि शेवटी डोळे उघडतो. नर्सबाई मागे म्हणतात, "बघा, बघा, बाबांकडे बघतोय." मग अश्वजितचा हात हलतो आणि व्हिडिओ संपतो.

माझ्या मुलाचे उघडे डोळे मी तेवढेच बघितलेत. माझ्या हातात तो आला तेव्हा डोळे मिटलेले होते, नळी काढलेली होती आणि वजन कसं ते मला कळलंसुद्धा नाही, कारण माझे हात सलाईनने सुजलेले होते. नाव ठेवायचं राहूनच गेलं. वाडीच्या वरच्या अंगाला, आपल्याच जागेत, त्याला मातीत ठेवलं. आमूला तेव्हा शेजारी नेऊन बसवलं होतं. तिने भाऊ बघितलाच नाही.

त्यानंतर वर्षभर फोन आमच्या उशाशी होता. कधी मी मागायचे, कधी तो न मागता काढायचा. कित्येकदा ठरवलं, की माझ्या फोनने त्याच्या फोनच्या काचेचाच फोटो काढून ठेवू. आधी भाऊजींचं खातं काढू, नवं उघडू, मग काढू. पण फोटो उघडले की आम्ही फोटोच बघत बसायचो. उठेस्तोवर आमूची शाळा सुटलेली असायची. आणि वाटायचं, जातात कुठे? कुलपात तर आहेत.

कंपनी दुसऱ्या कुणी तरी घेतली. जुन्या सुपरवायझरांना बोलावून सांगितलं, उद्यापासून नको. अश्वजित घरी यायच्या आतच बॅगेची सगळी चित्रं राखाडी पडली होती. दाबलं की पाटी, खातं बंद आहे.

फोटो आतच होते. पण आत म्हणजे कुठे, ते आम्हाला सुहासने समजावलं. सुहास कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता, महाडचाच मुलगा. गेटसमोरच्या टपरीवर त्याने चहा घेतला आणि कप तसाच धरून बोलत राहिला.

"दादा, ते फोटो म्हणजे आता फोटो नाहीत. सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं. भुगा समजा. खात्याची किल्ली लागली तर भुग्याचा फोटो होतो. किल्ली मुंबईच्या ऑफिसात."

"तुझ्याकडे नाही?" मी विचारलं.

"वहिनी, माझ्याकडे स्टोअररूमची किल्ली पण नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी सांगितलं असं कुठे बोलू नका. फोन नेटला लावू नका. खातं बंद केलं की पाठोपाठ पुसायचा हुकूम सोडतात. फोन नेटवर आला की तो हुकूम त्याला गाठणार आणि कंपनीची बाजू साफ. आणि बंदही करू नका. बंद होऊन चालू झाला की पुन्हा कुलूप पडतं, ते आणखी घट्ट."

म्हणजे त्याला झोपू द्यायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही आणि बाहेरची हवा लागू द्यायची नाही. अश्वजितने विमानाची खूण दाबून फोनचं नेट तिथेच तोडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

महाडला आम्ही राहायचो त्या खोलीत ते जमेना. आमूला फोन दिसला की तिचा हात जायचाच, आणि शेजारचं वायफाय भिंतीतून येतं. आमच्या वाडीत रेंज नाही. आंबेनळीच्या रस्त्याखाली, डोंगराच्या पोटात घरं. टॉवरसाठी किती अर्ज झाले, किती पुढारी येऊन हात हलवून गेले. लग्न झाल्यापासून मी त्या रेंजवरून कुरकुरत आले होते. या वेळी सामान घेऊन उतरले आणि पहिल्यांदा माझ्या फोनवरची रिकामी खूण बघून मला बरं वाटलं. वर पुन्हा पत्र्याचा डबा. पत्र्यात रेंज शिरत नाही, असं सासूबाईंनाच कुणी सांगितलं होतं.

अश्वजित महाडला राहून कंपनीच्या मागे लागला. मेल केले. मुंबईच्या ऑफिसातल्या बाईंचा एकदा फोन आला. त्याने मला नंतर सांगितलं.

"कंपनीच्या फोनमध्ये पर्सनल फोटो काढायचेच कशाला?" बाईंनी विचारलं.

"चुकलं, मॅडम."

"कसले फोटो आहेत?"

"बाळाचे."

"अहो मग, घरीच आहे ना बाळ? पुन्हा काढा की."

अश्वजित म्हणाला, "हो, मॅडम." आणि फोन ठेवला.

तर, गजर वाजला त्याच दुपारी अश्वजित आला. रस्त्यावर गाडी लावून पायवाटेने उतरताना मला दिसला. हातात आमूसाठी पाव आणि बिस्किटं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"झालं," तो ओट्यावर बसत म्हणाला. "सुहासने त्या मॅडमना खरं काय ते सांगितलं. बाळ नाही, असं. त्यांनी रडतच फोन केला म्हणे वरती. उद्या दुपारी एक तास खातं चालू करणार आहेत. पुसायचा हुकूम रद्द केलाय."

मी दाराची चौकट धरली.

"पण," अश्वजित म्हणाला.

"पण काय?"

"चालू झालेलं खातं फोनला कळायला फोन नेटवर यायला लागतो. सुहास म्हणतो, त्याच्या स्क्रीनवर हुकूम रद्द दिसतोय. पण जो आधीच निघाला असेल, तो वाटेत थांबलेला असू शकतो. नेट लागलं की आधी कोण पोचतं, त्याचं तो सांगू शकत नाही."

"म्हणजे पुसलंही जाऊ शकतं."

"हो."

"मग नको," मी म्हटलं. "राहू दे तसाच. डब्यात आहे तो बरा आहे."

"सोमवारी फोन जमा करायचाय, निशा. त्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नाहीत, आणि त्या कागदाशिवाय लोट्याच्या कंपनीतले लोक कामावर घेत नाहीत."

"हरवला म्हणून सांगा. नदीत पडला म्हणा."

"आणि लोटे?"

"नको लोटे. तुम्ही दुसरं काही तरी बघा."

"काय बघू? सांग ना. काय बघू?"

त्याचा आवाज चढला तशी आमू पावाचा तुकडा तोंडात तसाच धरून आमच्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी पावटे पुन्हा सुपात घेतले होते. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "भांडू नका. पोरीच्या घशात पाव अडकंल."

त्यांची नखं चालूच होती. शेंग फोडायची, दाणा काढायचा, साल टाकायची.

"माझा पहिला होता ना," त्या म्हणाल्या.

अश्वजितने मान वर केली. त्यालाही माहीत नव्हतं.

"तुझ्या आधी. बुद्धरत्नाच्या बी आधी. पोलादपूरच्या बाजारात फोटोवाला यायचा, पडदा लावून. तुझ्या बाच्या मनात आलं, पोराचा फोटो काढू. नाव नव्हतं ठेवलं अजून. काढला. चांगला आलेला हां, टोपरं घातलेला. पोराला ताप आला नि गेला. मला वाटलं, त्या कागदानंच नेला. मी उठले नि तो चुलीत घातला."

"आई..."

"आता त्याचं तोंड आठवत नाय मला." त्यांनी एक दाणा उगाच बोटात फिरवला. "टोपरं आठवतं. टोपऱ्याचा गोंडा आठवतो. मधी काय नाय. लई वेळा डोळं मिटून बघते, मधी काय येतच नाय."

आमू उठली आणि आजीच्या पाठीला पाठ लावून बसली.

"मी तुम्हाला काढू नका म्हणाले म्हणून तू तिकडं कुलपात काढलास. व्हय ना? नायतर इकडं असता तो, बुद्धरत्नाकडं असता, सगळ्यांकडं असता."

"तसं काही नाही, आई."

"तसंच हाय. चला उद्या. मला बी बघू दे एकदा. डब्यात ठेवून काय करायचं गो? डब्यातलं दिसतं काय?"

संध्याकाळी मी माझ्या फोनमधून भाऊजींचं खातं काढलं. अश्वजितने शिकवलं तसं, एक एक करत. आता माझ्या कॅमेऱ्यात येईल ते माझ्याकडेच राहील. वर्षभर जे जमलं नाही, ते हातातलं पीठ वाळायच्या आत झालं.

आमूने तिचं चित्र मला दाखवलं. आमचं घर, डोंगर, आजी सगळ्यात मोठी, बाबा, मी. माझ्या मांडीवर एक गाठोडं, त्याला निळी टोपी. तोंडाच्या जागी कोरा गोल.

"तोंड नाही काढलंस?"

"उद्या बघून काढणार ना. तूच म्हणालीस, त्यात तो डोळे उघडतो."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही वर चढलो. वाडीतून पायवाट निघते ती थेट आंबेनळीच्या रस्त्याला लागते. तिथे एका वळणावर कठडा आहे. वाडीतली माणसं मुंबईला फोन करायला तिथेच येतात. कठड्यावर कुणाकुणाची नावं, मोबाईल नंबर, बाण काढलेले दिल. सासूबाई वाटेत दोनदा बसल्या, पण मागे राहते म्हणाल्या नाहीत. दुपट्यातला फोन मी छातीशी धरला होता. आमूच्या खिशात चित्र आणि पेन्सिल.

महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न देत होत्या. एका गाडीतल्या लोकांना वाटलं, आम्ही स्ट्रॉबेरी विकायला बसलोय. काच खाली करून त्यांनी भाव विचारला.

"नाय हो," सासूबाई म्हणाल्या. "आमचं पोर बघायला बसलोय."

गाडी पुढे गेली.

सुहासचा फोन माझ्या फोनवर आला. आवाज तुटत होता.

"वहिनी, खातं चालू झालंय. मी इथे स्क्रीनसमोरच आहे. दादांना सांगा, विमान बंद करा. उघडलं की थांबू नका. तुमच्या फोनने धडाधड काढत सुटा."

मी माझा फोन स्पीकरवर टाकला आणि कॅमेरा उघडला. अश्वजितने दुपटं सोडलं. दुपटं सासूबाईंनी घेतलं, घडी केली आणि मांडीवर ठेवलं. सावली यावी म्हणून आम्ही तिघांनी वाकून फोनवर डोकी धरली, आणि आमू मधून घुसली.

त्याने विमानाची खूण दाबली.

आधी काहीच नाही. मग एक दांडी. मग दोन. वरून भराभर काय काय उतरायला लागलं, रिचार्जचे मेसेज, कुणाचे मिस्ड कॉल. आणि मग खालच्या राखाडी चित्रांपैकी एकाला रंग आला. मग दुसऱ्याला. बॅगेच्या खुणा निळ्या झाल्या.

"आला!" आमू ओरडली. "बाबा, आला!"

अश्वजितने पासवर्ड टाकला. एकदा चुकला, मग बरोबर. फोटोंची जागा उघडली. राखाडी चौकोन, ओळीने, आणि ते वरून एकेक भरत चालले. गेज. गेज. टाकीचा आकडा.

"दिसतंय, सुहास," मी म्हटलं.

"काढा, वहिनी, काढा!"

पण काढू काय? सगळ्यात वर सगळ्यात नवं होतं. बाळ खाली, वर्षभराच्या खाली. अश्वजित बोटाने ओढत सुटला. व्हॉल्व्ह, पाईप, गळती, बादली, गेज, गेज. पावसाळ्यात शेडमध्ये शिरलेलं पाणी. पुन्हा गेज. उन्हाळ्यात दुरुस्तीला उघडलेलं मशीन. दर ओढीला चौकोन आधी राखाडी यायचे आणि भरायला वेळ घ्यायचे, आणि तो भरायची वाट न बघता पुढे ओढायचा. इतकं काम केलं होतं त्याने. इतकी गेज बघितली होती.

"अजून खाली," मी म्हणत होते. "अजून खाली."

मग एक फोटो भरला. पिवळ्या नव्या हेल्मेटांचा ढीग.

"हे," अश्वजित म्हणाला, "हे मी परत कामावर गेलो त्या दिवशीचं. पहिल्या दिवशीचं. निशा, याच्या पुढचाच."

त्याने ओढलं. खालून राखाडी चौकोनांची एक ओळ आली. मी माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

आणि त्याच्या फोनचा पडदा आपल्या बाजूला आला. गाणी, व्हॉट्सॲप, आमूची कार्टून. पाठीमागे आमूचाच फोटो, गणवेशातला. खालच्या बॅगेच्या खुणांची ओळ नव्हती. वर इंग्रजीत एक ओळ आली, की कंपनीचं प्रोफाइल काढून टाकलं आहे, आणि अश्वजितचं बोट अजून हलत होतं म्हणून तीही सरकून गेली.

तो बोट ओढतच राहिला. आपली बाजू इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"हॅलो? वहिनी? आलं का?" सुहास विचारत होता. "वहिनी, मिळाले का?"

मी सुहासचा फोन ठेवला. माझ्या कॅमेऱ्यात एक फोटो निघाला होता. राखाडी चौकोन, आणि त्यांच्यावर काचेत पडलेली आमची वाकलेली डोकी.

अश्वजित उठून रस्त्याच्या पलीकडे गेला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ मी आठ वर्षं बघतेय, पण अशी कधी बघितली नव्हती.

"दिसला काय गो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना चष्म्यातूनही जवळचं नीट दिसत नाही. "मला नुसत्या टाक्या दिसल्या. तुला दिसला?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी दुपट्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग पुन्हा उलगडली.

खरं तर व्हिडिओ मला पाठ होता. टोपी निळी, ते मला येतं. नळीवरची चिकटपट्टी, पट्टीवरची अक्षरं, पेटीच्या काचेवर नर्सबाईंच्या बांगड्यांची सावली. श्वासाने पोट वरखाली होतं. मग पापणी हलते. मी कठड्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि तिथपर्यंत गेले. पापणी हलते. पापणी हलते. मग अश्वजितचा हात हलतो आणि संपतं.

मधलं येईना.

कालपर्यंत ते येत होतं. की येत होतं असं मला वाटायचं, कारण न आलं तर उघडून बघता येईल हे माहीत होतं?

एक एसटी हॉर्न देत वळली. तिच्या वाऱ्याने आमूच्या हातातलं चित्र फडफडलं. तिने ते कठड्यावर पसरलं, एका हाताने दाबून धरलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. कोऱ्या गोलात एक डोळा काढला, दुसरा काढला. दोन्ही रिकामे, आत बुबुळ नाही. मग थांबली. माझ्या गुडघ्याला कोपर टेकवून वर बघितलं.

"आई, डोळे उघडले तेव्हा तो कुठे बघत होता? म्हणजे मी तसं काढते."